कठड्याजवळचा माणूस

लांब उडीच्या धावपट्टीच्या कडेला दोन खुणा असतात. पहिली सगळ्यांना दिसते. जिथून धाव सुरू व्हायची तिथे खेळाडू टेप अंथरून, अंतर मोजून, रंगीत पट्टी चिकटवतो. दुसरी खूण उडीच्या फळीअलीकडे चार किंवा सहा पावलांवर असते आणि ती खेळाडूसाठी नसतेच. चाळीसेक मीटर जीव तोडून धावत आलेल्याने तिथे खाली बघितलं तर उडी गेलीच म्हणून समजा. ती खूण असते कठड्याला पोट लावून उभ्या असलेल्या एका माणसासाठी. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या स्पर्धांत प्रशिक्षकांना मैदानात उतरू देत नाहीत. कडेला आखून दिलेल्या जागेतूनच त्यांनी काय ते बघायचं.

हा माणूस उडीकडे बघत नाही. प्रेक्षकांच्या माना वाळूकडे वळलेल्या असतात, तेव्हा त्याची नजर त्या दुसऱ्या खुणेवर खिळलेली असते. पाऊल खुणेच्या पुढे पडलं, तर फळीशी गर्दी होणार आणि खेळाडू शेवटची पावलं आखडती घेऊन वेग घालवणार. पाऊल खुणेच्या मागे पडलं, तर फळी गाठायला तो टांगा टाकणार, कंबर खाली बसणार आणि उडी सपाट जाणार. पंचाने लाल झेंडा दाखवला की आपल्याला कळतं, फाऊल झाला. चूक मात्र बहुतेक वेळा पंधरा-वीस पावलं मागे झालेली असते. पहिली दोन पावलं जरा उतावळी पडली किंवा पाठीमागून वारा आला, की प्रत्येक पाऊल थोडं थोडं लांबत जातं आणि त्या थोड्याथोड्याची बेरीज फळीवर येऊन आदळते. उडी मारलेली मुलगी वाळू झटकत कठड्याकडे बघते. तो हाताची दोन बोटं दाखवतो आणि अंगठा मागे करतो. म्हणजे सुरुवातीची पट्टी दोन बोटं मागे घे, बाकी काही बदलू नकोस. ती मान हलवते आणि पट्टी सरकवायला जाते. झालं संभाषण.

त्या माणसाच्या ओळखपत्रावर पद लिहिलेलं असतं ‘साहाय्यक प्रशिक्षक’. मला वाटतं, या शब्दाइतका दिशाभूल करणारा शब्द खेळाच्या जगात दुसरा नसेल.

साहाय्यक म्हटलं की हाताखालचा माणूस डोळ्यांपुढे येतो. मुख्य शिकवणार, हा चेंडू गोळा करणार. अमेरिकन फुटबॉलमध्ये किंवा बास्केटबॉलमध्ये थोडंफार तसं असतंही, कारण तिथे डाव एकच आणि तो मुख्य प्रशिक्षकाच्या डोक्यात असतो. मैदानी खेळांचं तसं नाही. तिथल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत पुरुषांच्या २१ आणि महिलांच्या २१ बाबी असतात. शंभर मीटरपासून दहा हजार मीटरपर्यंत, बांबू उडीपासून हातोडाफेकीपर्यंत. एकाच बसमध्ये सव्वाशे किलोचा गोळाफेकपटू आणि पंचावन्न किलोचा लांब पल्ल्याचा धावपटू शेजारी बसतात. दोघांचं जेवण वेगळं, झोप वेगळी, सरावाची वेळ वेगळी. नाव एक, खेळ सहा-सात. ते सगळे खेळ एकाच माणसाला सारखे येतील हे शक्य नाही. म्हणून मुख्य प्रशिक्षक, म्हणजे तिथल्या भाषेत बहुधा ‘डायरेक्टर’, काम वाटून देतो. एक जण वेगवान शर्यती आणि अडथळे बघतो, एक जण मध्यम आणि लांब पल्ला, एक जण उड्या, एक जण फेकी. डेकॅथलॉन-हेप्टॅथलॉनवाल्यांना कोणाच्या पदरात घालायचं यावरून मात्र खळखळ होते. हातोडा फेकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने त्याचा कोच हा साहाय्यकच. डायरेक्टर त्याला भेटतो तो सत्कार-समारंभात किंवा काहीतरी बिघडल्यावर.

आपल्याकडे हे चित्र नजरेपुढे आणणं जरा अवघड जातं. आमच्या कॉलेजात सगळ्या खेळांना मिळून एक क्रीडा संचालक होते. सकाळी कबड्डी, दुपारी बुद्धिबळाच्या प्रवेशिका, संध्याकाळी विद्यापीठाच्या ॲथलेटिक्स स्पर्धेला जाणाऱ्या मुलांच्या एसटीची सोय. गळ्यातली शिट्टी एक आणि जबाबदाऱ्या छप्पन्न. मला त्यांनी एकदा तिहेरी उडीला उभं केलं होतं, कारण ज्याला उभं करायचं तो आला नव्हता. हॉप, स्टेप आणि जंप यांचा क्रम मला धावपट्टीवर सांगण्यात आला. सरांचा काही दोष नव्हता. आपल्याकडे प्रशिक्षक तयार होतो तो १९६१ साली सुरू झालेल्या पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत, आणि नोकरीला लागतो तो लष्कर, रेल्वे किंवा भारतीय क्रीडा प्राधिकरणात. गुणी खेळाडूही तिकडेच वळतात. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसकडे वळला तो सैन्यात गेल्यावर. कॉलेज ही आपल्याकडे खेळाडूच्या वाटेवरची फक्त एक थांबण्याची जागा आहे. अमेरिकेत मात्र ऑलिंपिकचा कारखानाच कॉलेजात आहे, आणि त्या कारखान्यातला कारागीर म्हणजे हा साहाय्यक.

कारागीर होण्याची वाट मात्र खडतर आहे. ती बहुधा अशी सुरू होते. मुलगा किंवा मुलगी चार वर्षं कॉलेजसाठी धावते, फेकते, उड्या मारते. ऑलिंपिकला जाण्याइतकी मोठी होत नाही, पण खेळ सोडवत नाही. मग पदव्युत्तर शिक्षणाला नाव घालायचं आणि ‘ग्रॅज्युएट असिस्टंट’ व्हायचं. फी माफ, वर थोडंसं विद्यावेतन. त्या बदल्यात सरावाला वेळ मोजायचा, व्हिडिओ काढायचे, अडथळे मांडायचे, व्हॅन चालवायची. बांबू उडीवाल्यांची तर तऱ्हाच निराळी. पाच-पाच मीटर लांबीचे पोल विमानात घ्यायला विमान कंपन्या का कू करतात. अशा वेळी संघ विमानाने जातो आणि पोल व्हॅनच्या टपाला बांधून रात्रभर गाडी हाकत कोणीतरी ते पोहोचवतो. तो कोणीतरी कोण, हे सांगायला नको. फेकीवाल्याला स्पर्धेच्या सकाळी गोळे, थाळ्या, भाले पंचांकडून वजन-मापात तपासून घ्यावे लागतात. वीस किलोची पिशवी खांद्यावर टाकून रांगेत उभा असलेला तिशीतला माणूस दिसला की समजावं, याचं करिअर नुकतंच सुरू झालंय.

या पहिल्या पायरीवर किती पैसे मिळावेत, यावर अमेरिकेत एक फार गमतीदार आणि तितकीच चीड आणणारी लढाई झाली. कॉलेजांच्या खेळांची सूत्रं एनसीएए या संघटनेच्या हाती आहेत. १९०६ साली स्थापन झालेली ही संघटना खेळाडूंच्या सरावाचे तास मोजण्यापासून प्रशिक्षकांची संख्या ठरवण्यापर्यंत सगळ्यांत लक्ष घालते. १९९१ साली खर्च कमी करायचं तिच्या मनात आलं. कात्री लागली ती शिडीच्या सर्वांत खालच्या पायरीला. वरच्या श्रेणीतल्या कॉलेजांत फुटबॉल वगळून प्रत्येक खेळात साहाय्यकाची एक जागा ‘मर्यादित मिळकती’ची ठरवण्यात आली. त्या जागेवरच्या प्रशिक्षकाला वर्षाला १६,००० डॉलरहून जास्त द्यायचे नाहीत, त्यातले १२,००० शैक्षणिक वर्षाचे आणि ४,००० उन्हाळ्याचे. नियम १९९२ पासून लागू झाला. कारण असं दिलं गेलं, की यामुळे होतकरू तरुणांना संधी मिळेल. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं काम केलेली, पोराबाळांची माणसं एका रात्रीत होतकरू ठरली.

प्रशिक्षक कोर्टात गेले. मुख्य फिर्यादीचं आडनावच ‘लॉ’ होतं, त्यामुळे खटला ‘लॉ विरुद्ध एनसीएए’ या नावाने गाजला. सगळ्या कॉलेजांनी एकत्र बसून पगार ठरवणं म्हणजे बाजारात भाव बांधून घेणंच, असा निकाल लागला आणि १९९८ मध्ये वरच्या न्यायालयाने तो उचलून धरला. पुढच्या वर्षी ५ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली. आता यातून शहाणपण यायला हवं होतं. पण सोळा हजारांची जागा गेली आणि शून्याची राहिली. अनेक खेळांत एनसीएए ‘स्वयंसेवक प्रशिक्षक’ नावाची एक जागा ठेवू देत असे. काम पूर्ण, पगार नाही. मुलांची उन्हाळी शिबिरं घ्यायची, खासगी शिकवण्या करायच्या, बायकोच्या पगारावर घर चालवायचं आणि ‘पुढच्या वर्षी जागा निघेल’ या आशेवर राहायचं. पगाराची मुभा देऊन ही प्रथा १ जुलै २०२३ पासून बंद झाली. बिनपगारी राबलेल्यांनी मागचा हिशेब मागितला, तेव्हा बेसबॉल सोडून बाकीच्या खेळांतल्या स्वयंसेवकांच्या दाव्यात तडजोडीची रक्कम ३० कोटी डॉलरच्या पुढे गेली. ‘आवडीचं काम आहे, पैशाचं काय घेऊन बसलात’ हे वाक्य आपल्याकडच्याच लोकांना पाठ आहे अशी माझी समजूत होती. ती या आकड्याने मोडली.

एवढं सोसून या पेशात लोक का राहतात, याचं उत्तर मला बॉब केर्सी यांच्या गोष्टीत सापडतं.

१९८० च्या सुमारास केर्सी लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या नॉर्थरिजच्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत मुलींना धावायला शिकवत होते. त्यांच्या गटातली एक मुलगी पैशाअभावी शिक्षण सोडून बँकेत रोखपाल म्हणून काम करू लागली होती. केर्सींनी तिच्यासाठी आर्थिक मदत मिळवून तिला परत आणलं. त्याच वर्षी त्यांना यूसीएलए या मोठ्या विद्यापीठात साहाय्यक प्रशिक्षकाची नोकरी मिळाली, तेव्हा तीही त्यांच्यामागे तिकडे गेली. तिचं नाव फ्लॉरेन्स ग्रिफिथ. १९८८ साली १०० मीटरला १०.४९ आणि २०० मीटरला २१.३४ सेकंदांचे जे विक्रम तिने केले, ते अजून कोणी मोडलेले नाहीत. पहिल्या विक्रमाच्या वेळी वाऱ्याचं यंत्र बरोबर चालत होतं का, इथपासून पुढे बऱ्याच शंका आजही घेतल्या जातात. त्या वादात इथे शिरत नाही. बँकेच्या खिडकीमागे बसलेल्या मुलीत हे दिसायला कोणीतरी असावं लागतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

यूसीएलएमध्ये त्यांना दुसरी मुलगी दिसली. इलिनॉय राज्यातल्या ईस्ट सेंट लुई या गरीब शहरातून आलेली जॅकी जॉयनर. ती आली होती बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर, आणि जोडीला लांब उडी मारायची. १९८१ मध्ये तिची आई मेंदूज्वराने अचानक गेली. केर्सींनीही कमी वयात आई गमावली होती. ते तिच्याशी जाऊन बोलले, तिथून ओळख वाढली. त्यांच्या लक्षात आलं, की या मुलीला धावता येतं, उडता येतं, फेकता येतं, आणि कोणीही तिच्याकडून हे तिन्ही एकत्र करून घेत नाहीये. त्याच सुमारास महिलांच्या पाच बाबींच्या पेंटॅथलॉनची जागा सात बाबींची हेप्टॅथलॉन घेत होती. अडथळे, उंच उडी, गोळा, २०० मीटर, लांब उडी, भाला आणि शेवटी ८०० मीटर, सगळं दोन दिवसांत. केर्सी क्रीडा विभागाच्या वरिष्ठांकडे गेले. हिला मला हेप्टॅथलॉनसाठी तयार करू द्या, नाहीतर मी नोकरी सोडतो, असं त्यांनी सांगून टाकलं. एक साहाय्यक, नोकरीला दोन वर्षंही न झालेला. आपल्याकडे याला डोकं फिरलंय म्हणतात.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जॅकीचं सुवर्ण पाच गुणांनी हुकलं. ऑस्ट्रेलियाच्या ग्लिनिस नन हिचे ६३९०, हिचे ६३८५. मांडीचा स्नायू दुखावलेल्या अवस्थेत ती ८०० मीटर धावली. सेकंदाचा एक-तृतीयांश भाग वाचला असता तर निकाल उलटा लागला असता. दोन वर्षांनी, १९८६ मध्ये, मॉस्कोत तिने ७१४८ गुण मिळवले. सात हजारांचा टप्पा ओलांडणारी ती पहिलीच. त्याच वर्षाच्या सुरुवातीला तिचं आणि केर्सींचं लग्न झालं होतं. प्रशिक्षक आणि शिष्येच्या लग्नाकडे आज कोणतंही विद्यापीठ भुवया उंचावूनच बघेल, आणि ते योग्यच आहे. १९८८ मध्ये सोलला तिने ७२९१ गुण केले. हाही विक्रम अजून उभा आहे. केर्सी मधल्या काळात यूसीएलएच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले होते, पुढे कॉलेज सोडून स्वतंत्रपणे शिकवू लागले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांत ५०.३७ सेकंदांचा विश्वविक्रम करणारी सिडनी मॅक्लॉफ्लिन-लेव्हरोन ही त्यांचीच शिष्या. बँकेतल्या मुलीपासून तिथपर्यंत चव्वेचाळीस वर्षं.

गुण हेरणं म्हटलं की असे दैवी क्षण आठवतात, पण रोजच्या व्यवहारात ती कारकुनी असते. साहाय्यकाचा निम्मा वेळ भरतीत जातो. शाळांच्या स्पर्धांचे निकाल धुंडाळायचे, सोळा वर्षांच्या मुलाने ४९ सेकंदांत चारशे मीटर काढलं असेल तर त्याच्या गावात ट्रॅक कसा आहे, कोच कोण आहे, गेल्या वर्षी किती होतं, हे शोधायचं. चांगले कोच वेळेपेक्षा वेळेतली सुधारणा बघतात. मग पालकांना फोन. मग आकडेमोड, आणि ती फार विचित्र असते. वरच्या श्रेणीतल्या कॉलेजला ट्रॅकसाठी पुरुषांच्या संघाला १२.६ आणि महिलांच्या संघाला १८ शिष्यवृत्त्या, अशी अनेक वर्षं मर्यादा होती. त्या चाळीस-पन्नास जणांत वाटायच्या. त्यामुळे तुकडे पाडावे लागत. वेगवान धावपटूला पूर्ण, कारण तो शंभर, दोनशे आणि दोन रिले अशा चार ठिकाणी गुण आणू शकतो. भालाफेकवाल्याला तीस टक्के, कारण तो आणून आणून एकाच ठिकाणी आणणार. भालाफेकीचा कोच मग डायरेक्टरच्या खोलीत बसून चाळीस टक्के मागतो. पुतण्याला वाटणीत जरा बरी जमीन मिळावी म्हणून भांडणाऱ्या काकासारखा.

देशातली मुलं पुरेनात तेव्हा नजर बाहेर जाते. १९७८ साली केनियाचा हेन्री रोनो वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा विद्यार्थी असताना ८१ दिवसांत चार विश्वविक्रम करून गेला. त्यातला स्टीपलचेसचा विक्रम ८ मिनिटं ५.४ सेकंदांचा. आपल्या साबळेची पॅरिसमध्ये २०२४ साली नोंदलेली राष्ट्रीय विक्रमाची वेळ ८ मिनिटं ९.९१ सेकंद आहे, म्हणजे त्या कॉलेजकुमाराच्या बरंच जवळ येऊन अजून मागे. भारतातूनही मुलं गेली. साठ-सत्तरच्या दशकात तिहेरी उडीवाला मोहिंदरसिंग गिल कॅलिफोर्नियात खेळला. २०१७ मध्ये दिल्लीचा तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट विद्यापीठात गेला, उंच उडीत २०१८ आणि २०२२ अशी दोनदा कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकला. मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. उंच उडी मारायला गेलेला हा मुलगा तिथून दहा बाबींचा डेकॅथलॉन शिकून आला, आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याला त्यात रौप्य मिळालं. फेकी, अडथळे, बांबू हे सगळं जाणणारी माणसं एकाच मैदानावर हाकेच्या अंतरावर असतील, तरच असं होऊ शकतं.

या साऱ्या आकडेमोडीचा अर्थ जूनमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत लागतो. प्रत्येक बाबीत पहिल्या आठांना १०, ८, ६, ५, ४, ३, २, १ असे गुण. २०१८ साली ऑरेगन राज्यातल्या युजीन गावी, हेवर्ड फील्डवर, भर पावसात महिलांची शेवटची शर्यत उरली होती, चार बाय चारशे रिले. जॉर्जिया विद्यापीठाचे ५२ गुण, यूएससी म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे ४३. यूएससीच्या मुली जिंकल्या तर ५३, दुसऱ्या आल्या तर ५१. म्हणजे पहिला नंबर सोडून दुसरं काही चालणार नव्हतं. शेवटचं बॅटन हाती येताना गडबड झाली आणि केंडल एलिस मागे पडली. शेवटच्या वळणातून बाहेर आली तेव्हाही ती इतकी मागे होती की समालोचकाने आशा सोडली होती. सरळ पट्ट्यात तिने एकेकीला गाठलं आणि रेषेवर परड्यू विद्यापीठाच्या मुलीला मागे टाकलं. फरक सेकंदाच्या सात-शतांशाचा. विजेतेपद एका गुणाने. तो एक गुण कुठून आला म्हणायचा? आधीच्या बाबींत कोणी सातवी आली, कोणी आठवी आली, तिच्यामागे उभ्या असलेल्या कोणाकोणाचा तो गुण होता.

चषक डायरेक्टर कॅरिल स्मिथ गिल्बर्ट यांनी उचलला. त्यांच्या साहाय्यकांत एक उंच, धिप्पाड गृहस्थ होते, क्विन्सी वॉट्स. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर ४३.५० सेकंदांत जिंकलेले, रिलेतही विश्वविक्रमासह सुवर्ण. पुढच्याच वर्षी स्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत ऐन अंतिम शर्यतीत त्यांचा बूट फाटला आणि ते चौथे आले. धावणं संपल्यावर त्यांनी हायस्कूलच्या मुलांना शिकवलं. २०१३ मध्ये स्वतःच्या जुन्या विद्यापीठात साहाय्यक म्हणून आले, आठ वर्षं साहाय्यकच राहिले आणि २०२१ मध्ये स्मिथ गिल्बर्ट जॉर्जियाला गेल्यावर डायरेक्टर झाले. हो, ज्यांना एका गुणाने हरवलं त्याच जॉर्जियाला. पॅरिसमध्ये ४०० मीटर अडथळ्यांचं सुवर्ण जिंकणारा राय बेंजामिन यूएससीतच वॉट्स यांच्याकडे आला होता.

वॉट्स विद्यार्थी असताना त्यांना घडवणाऱ्यांत होते जिम बुश. बुश यूसीएलएचे दोन दशकं मुख्य प्रशिक्षक, पाच राष्ट्रीय विजेतेपदांचे धनी. निवृत्तीनंतर कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या यूएससीत ते शिकवू लागले. यूसीएलएमध्ये बुश यांच्या हाताखाली साहाय्यक असलेले टॉम टेलेझ १९७६ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी कार्ल लुईस आणि लेरॉय बरेल घडवले. टेलेझनंतर ह्यूस्टनची धुरा बरेलकडे आली आणि त्याच्या हाताखाली साहाय्यक म्हणून उभा राहिला कोण, तर नऊ ऑलिंपिक सुवर्णपदकांचा मानकरी कार्ल लुईस. २०२२ मध्ये बरेल दुसरीकडे गेल्यावर लुईस मुख्य झाला. आपल्याकडे गाण्याची घराणी सांगतात ना, कोण कोणाच्या मागे तानपुऱ्यावर बसला यावरून, तसंच हे आहे. धावण्याची एक लकब, हात कुठवर आणायचा, पहिल्या दहा पावलांत मान कुठे ठेवायची, हे पुस्तकात कमी आणि शेजारी उभं राहून जास्त मिळतं.

घराण्याला मात्र इथे घराची शाश्वती नाही. डायरेक्टर बदलला की नवा आपली माणसं घेऊन येतो. फेकीवाल्याच्या मुलांनी त्याच वर्षी विक्रम केले असतील तरी त्याला सामान बांधावं लागतं. पुण्याहून नांदेडला बदली झाली तर आपण वर्षभर रडगाणं गातो. हे लोक फ्लोरिडाहून नेब्रास्काला ऑगस्टमध्ये जातात आणि सप्टेंबरात सराव सुरू करतात. त्यांच्यामागे पूर्वी मुलांना सहजासहजी जाता येत नसे. आता नियम सैल झाल्यामुळे कोचच्या मागोमाग अर्धा गट बदली मागतो. हे मुलांच्या दृष्टीने बरं झालं असं मी म्हणेन, जरी जुने प्रशिक्षक यावर बोटं मोडतात. जून २०२५ मध्ये न्यायालयाने आणखी एक मोठी तडजोड मंजूर केली. कॉलेजांना आता खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी प्रत्येक संस्थेला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. तडजोड स्वीकारणाऱ्यांना शिष्यवृत्त्यांची मर्यादा उरली नाही, पण ट्रॅकच्या संघात ४५ पेक्षा जास्त नावं ठेवता येत नाहीत. पैसा अर्थातच फुटबॉलकडे आणि बास्केटबॉलकडे वाहतो. कागदावर अमर्याद शिष्यवृत्त्या आणि हातात त्यासाठी रक्कम नाही, अशी ट्रॅकवाल्यांची गत झाली. सर्वांत आधी गळतात ती शेहेचाळिसावी-सत्तेचाळिसावी मुलं, जी पहिल्या वर्षी कोणाच्याही खिजगणतीत नसतात आणि चौथ्या वर्षी पाचवी-सहावी येऊन दाखवतात. त्यांना घडवणं हेच खरं तर साहाय्यकाचं कसब.

राष्ट्रीय स्पर्धा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संपते. लांब उडीचा आपला माणूस धावपट्टीच्या कडेची आपली चिकटपट्टी खरवडून काढतो, टेप गुंडाळतो, हॉटेलवर परततो. त्याला झोपायला मोजक्याच रात्री मिळतात. दहावीचं वर्ष संपवलेल्या मुलांशी थेट बोलायला एनसीएए मुभा देते ती १५ जूनपासून. चौदाच्या रात्री तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फोन घेऊन बसलेला असतो. समोर वहीत बारा नावं, प्रत्येकासमोर मीटर आणि सेंटिमीटर. बारा वाजायला दोन मिनिटं कमी असताना तो पहिल्या मुलीला पाठवायचा मजकूर पुन्हा एकदा वाचतो आणि तिच्या आडनावाचं स्पेलिंग तपासतो.